चार महिन्यांचं बाळ रात्री सारखं उठायला लागलं, तर

आमची चिमी साडेतीन महिन्यांची होईपर्यंत रात्री सलग पाच तास झोपायची. मी ते चारचौघींत सांगायचे, थोडं मिरवतच. मग आमच्या कोल्हापुरात आषाढ लागला. बाहेर पत्र्यावर पावसाचा ताशा, आत फॅनखाली दोरीवर वाळत घातलेली लंगोटं, आणि घड्याळात अकरा चाळीस, एक पाच, दोन वीस, साडेतीन, पावणेपाच. चौथ्या रात्री मी दुपटं समजून चिमीच्या बाबांचा टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला आणि ते मला उजाडल्यावर कळलं.

सकाळपर्यंत सगळ्यांची निदानं तयार होती. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पोरीचं पोट भरंना झालंय, गंगावेशीत जाऊन म्हशीचं दूध आण की." शेजारच्या काकूंना दृष्ट दिसली. माहेरून आईनं फोनवर दात ठरवून टाकले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चार महिने झाले ना? होतं असं." त्यांचं उत्तर सगळ्यांत बरोबर होतं आणि माझ्या सगळ्यांत कमी कामाचं, कारण 'मग आता मी काय करू' हे त्यात नव्हतं. ते 'मग' शोधायला मला दीड महिना लागला. पहिलटकरणींनी आणि पहिलटकर बापांनी तेवढा वेळ घालवू नये म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी आजार नाही ना, ते बघा

झोपेचं वेळापत्रक वगैरे सगळं नंतर. नीट झोपणारं बाळ अचानक उठायला लागलं तर पहिल्या दिवशी त्याला उघडं करून उजेडात नीट बघा. अंग तापलंय का, ते हातानं न ठरवता थर्मामीटर लावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठायचा. घरातलं तापाचं औषध देऊन बघू, असं या वयात करायचं नाही.

वय काहीही असो, पुढच्या गोष्टींत थांबायचं नाही: श्वास भराभर चाललाय किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ दूध ओढत नाही, दिवसभरात लंगोटं नेहमीच्या निम्म्यानंसुद्धा ओली झाली नाहीत, हिरवी उलटी झाली, टाळू फुगली किंवा खोल गेली, बाळ उचललं तरी ढिलं पडतंय, किंवा पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळतंय आणि शीमध्ये रक्त-शेंब दिसतेय. यातलं काही असेल तर १०८ला फोन करा. आपल्याकडे दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात लहान मुलांचा विभाग आहे. तुमचे नेहमीचे डॉक्टर रात्री फोन घेतात की नाही, ते दिवसाच विचारून ठेवा. रात्री दोनला ते विचारायची वेळ नसते.

यापेक्षा साध्या दोन गोष्टी फार बाळांची झोप मोडतात. एक कान. आडवं केलं की रडतं, उभं धरलं की थांबतं, आणि नुकतीच सर्दी झाली होती, असं असेल तर कान दाखवून घ्या. (बाळ नुसतं कान ओढतं तेव्हा बहुतेक वेळा ते झोपेला आलेलं असतं.) दुसरं नाक. आपल्या पावसाळ्यात घरात ओल, कोपऱ्यात बुरशी, आणि वर धुरी. लहान बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं, त्यामुळे नाक चोंदलं की दूधही ओढता येत नाही आणि झोपही लागत नाही. झोपवण्याआधी सलाईनचे थेंब नाकात घातले की बराच फरक पडतो. धुरीचं पुढे सांगते.

लस टोचली असेल तर एक-दोन रात्री गेल्या असं समजा. आपल्याकडे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लशी असतात. चौदाव्या आठवड्याची लस आणि चार महिन्यांचा हा गोंधळ पाठोपाठ येतो, म्हणून पुष्कळ घरांत 'सुई लागल्यापासून झोपेना झालंय' असं म्हणतात. लशीची चिडचिड दोन-तीन दिवसांत जाते. पंधरा दिवस चाललंय म्हणजे कारण दुसरं आहे.

२. बाळाच्या झोपेत काय बदललं, ते समजून घ्या

तान्ह्या बाळाची निम्मी झोप चाळवलेली असते. डोळे पापण्यांखाली फिरतात, तोंड वाकडं होतं, मधेच हसतं. सटवाई हसवते म्हणतात ती हीच झोप. पहिले तीन महिने बाळ झोपेत शिरतंच या चाळवलेल्या दारानं. तीन-चार महिन्यांच्या सुमारास मेंदूतली झोपेची घडी बदलते आणि मोठ्यांसारखे हलक्या-गाढ झोपेचे टप्पे सुरू होतात. मोठ्या माणसाचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, बाळाचं पन्नास-साठ मिनिटांचं. प्रत्येक चक्र संपताना जाग येते. तुम्हालाही येते. तुम्ही कूस बदलता, पांघरूण ओढता आणि सकाळी ते आठवतही नाही.

बाळाची अडचण इथेच आहे. जाग आल्यावर परत झोपायचं कसं, हे त्याला एकाच पद्धतीनं माहीत असतं: पहिल्यांदा जसं झोपलं, तसं.

मला हे आत्तींच्या पायावरून कळलं. आमच्या मधल्या खोलीत तुळईला कडी आहे. त्या कडीला जुन्या नऊवारीची झोळी, झोळीला दोरी, आणि दोरीचं टोक आत्तींच्या पायाच्या अंगठ्याला. चार पोरं त्यांनी अशीच वाढवली. आत्ती आडव्या पडून डोळे मिटून पाय हलवत राहायच्या, झोळी हलत राहायची, चिमी झोपायची. मग आत्तींना डोळा लागायचा आणि अंगठा थांबायचा. दहा-पंधरा मिनिटांत चिमी टक्क जागी. दोन रात्री मी हे बसून पाहिलं. पोट, दात, दृष्ट काही नाही. झोका थांबला होता, एवढंच.

झोळीच्या जागी छातीशी पाजत झोपवणं असेल, खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या असतील, मोटरसायकलवरून रंकाळ्याला चक्कर असेल (असे बाप मला माहीत आहेत, आणि हे कृपा करून करू नका), गोष्ट तीच. या सगळ्यात वाईट काही नाही. पण बाळ रात्री जितक्यांदा उठेल तितक्यांदा तीच गोष्ट परत मागेल.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ मात्र बहुतेक वेळा भुकेनंच उठतं, बहुधा दर दोन-तीन तासांनी उठतं, आणि त्याला उठू द्यायचं. त्याच्यावर यातलं काही करून बघायचं नाही.

३. वही करा

घरात दुधाच्या हिशेबाची वही असते ना, तीच घ्या. तीन दिवस आणि तीन रात्री लिहा: कधी झोपलं, कसं झोपलं, कधी उठलं, उठल्यावर काय केलं, किती मिनिटांत परत झोपलं. मोबाइलमध्ये लिहिलंत तर स्क्रीनच्या उजेडानं तुमची झोप उडेल आणि बाळही त्या उजेडाकडे बघत बसेल. पेन्सिल आणि वही बरी. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालतं.

आमच्या वहीतून तीन गोष्टी निघाल्या. चिमी रात्री सात वेळा उठत होती, पण नीट गटागटा पीत होती दोनदाच. बाकी पाच वेळा दोन-तीन मिनिटं नुसतं चोखून झोपत होती. म्हणजे भूक दोन वेळची, सवय पाच वेळची. दुसरं, संध्याकाळची झोप साडेसातपर्यंत लांबत होती आणि आम्ही तिला साडेआठला परत झोपवायच्या मागे लागत होतो. तिसरी गोष्ट जरा नाजूक होती. चिमीचे बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. दुसरी पाळी असली की साडेअकराच्या पुढे घरी येतात. वहीत रोज अकरा चाळीस का, याचं उत्तर ते होते. आल्या आल्या अंघोळ करायचे आणि लेकीच्या गालावरून एक बोट फिरवायचे. दिवसभरातली त्यांची तेवढीच भेट. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग सकाळी सहा ते आठ चिमी त्यांची, असं ठरलं. या एका बदलानं पहिली जाग गेली.

तुमच्या वहीत दुसरं काही निघेल. पण वही न करता उपाय सुरू केलेत तर पाच उपाय एकदम कराल आणि कशानं काय झालं ते कळणार नाही.

४. दिवस दुरुस्त करा

'दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे रात्री झोपेल' हा सल्ला तुम्हाला मिळणारच. मोठ्यांना तो लागू पडतो. बाळ जास्त दमलं की उलट जास्त चिडतं, उशिरा झोपतं आणि जास्त वेळा उठतं. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या झोपा धरून चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते. चार महिन्यांचं बाळ एका वेळी दीड-दोन तास जागं राहू शकतं, सहा-आठ महिन्यांचं दोन-तीन तास. हे ढोबळ आहे. घड्याळापेक्षा बाळाकडे बघा: एकटक शून्यात बघायला लागलं, डोळे चोळले, खेळणं नको झालं की झोपवायची वेळ. रडायला लागलं म्हणजे ती वेळ तुम्ही चुकवलीत.

दिवसा पोटभर पाजणं चार महिन्यांनंतर अवघड होतं, कारण बाळाला आता जग दिसायला लागतं. कुकरची शिट्टी झाली की मान वळली. भाजीवाला ओरडला की मान वळली. असं अर्धपोटी पिऊन दिवस काढला की राहिलेलं दूध ते रात्री वसूल करतं. दिवसातून दोन-तीन वेळा तरी दार लावून, पडदा ओढून, शांत खोलीत पाजा. आमच्याकडे 'काय सारखी दार लावून बसती ही' असं एकदा झालं. मग आत्तींनीच पाहुण्यांना बाहेर थांबवायचं काम घेतलं.

सकाळी उजेड दाखवा. पावसाळ्यात ऊन नसलं तरी खिडकीशी, गच्चीच्या दारात दहा मिनिटं बसा. शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ याच सुमाराला बसत असतं आणि त्याला किल्ली देतो तो सकाळचा उजेड आणि रात्रीचा अंधार.

५. संध्याकाळचा क्रम बांधा

वीस-पंचवीस मिनिटांचा, रोज त्याच क्रमानं, त्याच खोलीत. आमचा असा होता: दिवेलागण झाली की हॉलमधल्या टीव्हीचा आवाज खाली, चिमीला कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसणं, रात्रीचा डायपर, झबलं, पाजणं, मग ट्यूब बंद करून झिरोचा दिवा, आणि एकच अंगाई. तेल-अंघोळ सकाळचीच राहू दे. ती संध्याकाळी नेलीच पाहिजे असं काही नाही.

लंगोटाबद्दल एक. दिवसा मी लंगोटच वापरले, पण पावसाळ्याच्या रात्री ओल्या लंगोटानं बाळ उठतं आणि वाळलेली लंगोटं तर संपलेली असतात. रात्रीपुरता डायपर घातला म्हणून कुणी वाईट आई ठरत नाही.

आता मुख्य गोष्ट: पाजणं शेवटी ठेवू नका, एक पायरी आधी आणा. पाजून झाल्यावर ढेकर, दिवा मंद, अंगाई, आणि डोळे जड झालेले पण पूर्ण मिटलेले नाहीत अशा वेळी गादीवर ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या रात्री चिमीची पाठ गादीला टेकली आणि तिनं असा सूर लावला की काकू भिंतीपलीकडून विचारत्या झाल्या. मी उचललं, शांत केलं, परत ठेवलं. अकरा वेळा. वहीत अकरा रेघा आहेत. दुसऱ्या रात्री नऊ, तिसऱ्या रात्री परत अकरा, पाचव्या रात्री तीन.

गादीवर ठेवल्यावर एक हात छातीवर, दुसऱ्या हातानं मांडीवर थोपटणं, हळू होत जाणारं. थोपटता थोपटता झोपणं हीसुद्धा सवयच, पण रात्री दोनला आडव्या आडव्या थोपटता येतं. झोका द्यायला उठावं लागतं. चार-पाच रात्रींनी थोपटणं कमी करून नुसता हात ठेवा, मग नुसतं शेजारी असा. झोळी सोडवायची असेल तर तीही अशीच: रोज झोका थोडा आधी थांबवा. आणि रात्रभर बाळ झोळीत एकटं ठेवू नका. झोळीत मान छातीवर वाकते, आणि बाळ पालथं पडायला शिकलं की धोका आणखी वाढतो. आमची झोळी आता दुपारची, आत्ती समोर बसलेल्या असतानाची.

६. रात्री उठल्यावर हा क्रम

आधी थांबा. मिनिट-दोन मिनिटं. चाळवलेल्या झोपेत बाळ कण्हतं, पाय झाडतं, अर्धवट रडतंही, आणि आपण धावत जाऊन उचलून त्याला पुरतं जागं करतो. मी हे कितीदा केलं असेल.

नाहीच थांबलं तर हात ठेवा. मग थोपटा. मग शू-शू. मग उचला. शेवटी पाजा. शेवटचं पाजल्याला अडीच-तीन तास होऊन गेले असतील तर मधल्या पायऱ्या सोडून सरळ पाजा, भूकच असणार. चार-पाच महिन्यांच्या बाळाला रात्री एक-दोनदा दूध लागतं आणि ते द्यायचंच. सहा महिन्यांच्या आत रात्रीचं दूध तोडायचा विचारही नको. त्यानंतरही वजन बघून, डॉक्टरांना विचारून. ट्यूब लावायची नाही, गप्पा नाहीत, शी नसेल तर डायपर बदलायचा नाही.

बाळाला रडून रडून झोपू देण्याची जी पद्धत सांगतात, ती मी केली नाही. एक तर चार महिन्यांच्या बाळासाठी ती नाहीच. आणि पेठेतल्या घरात, जिथे एका भिंतीला तीन घरं टेकलेली आहेत, तिथे पाचव्या मिनिटाला कुणीतरी आज्जी दारात उभी राहते.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याला निदान पाच-सात रात्री द्या. दोन रात्रींत काही होत नाही म्हणून परत झोळी, मग परत गादी, असं केलंत तर बाळाला एवढंच कळतं की जास्त रडलं की झोळी मिळते.

७. घरचे उपाय: काय चालेल, काय नाही

म्हशीच्या दुधापासून सुरू करते, कारण कोल्हापुरात हा घराघरातला वाद आहे. दूधकट्ट्यावर उभं राहून डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसांना 'दूध वाईट' हे पटत नाही, आणि दूध वाईट नाहीच. ते रेडकासाठी आहे. आईच्या दुधात प्रथिनं जेमतेम १ टक्का, म्हशीच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. बाळाच्या मूत्रपिंडांना तो भार होतो. शिवाय त्यात लोह कमी असतं, त्यामुळे बाळाच्या अंगातलं रक्त उतरतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. वर्षभर गाय-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नाही. मी आत्तींना म्हटलं, "आत्ती, ते दूध मला द्या, मी पितो. माझ्यातनं तिलाच जाईल." (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'पितो'च म्हणतो.) त्या दिवसापासून रात्री पेलाभर दूध माझ्या उशाशी यायला लागलं. दुधाच्या बाटलीत नाचणीचं सत्त्व घालून 'जड' करणं, हाही तसलाच प्रकार. त्यानं झोप वाढत नाही.

जायफळ उगाळून देणं पूर्ण बंद. थोडंसं दिलं की गुंगी येते, हे खरं आहे, आणि म्हणूनच नको. ती झोप नसते, विषाची गुंगी असते, आणि सहाणेवर किती वळसे दिले यावर मात्रा ठरते. अफूची गोष्ट जुन्या बायका दबक्या आवाजात सांगतात. तिनं बाळाचा श्वास थांबू शकतो. बाळगुटीत वेखंड असतं, जायफळ असतं, कधी मध असतो. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होतो. दातांसाठी हिरड्यांना चोळायची सुन्न करणारी जेलही नको. स्वच्छ ओलं फडकं गार करून चघळायला द्या. दातानं जोराचा ताप येत नाही. ताप असेल तर कारण दुसरं शोधा.

ओवा-शेपेच्या धुरीनं खोली भरू नका. डासांची कॉइलही नको. मच्छरदाणी लावा, आणि दुपारीही लावा, कारण डेंगीचे डास मुख्यतः दिवसा चावतात. दृष्ट खुशाल काढा. मीठ-मोहरी ओवाळल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, फक्त मिरच्या जाळायच्या त्या मोरीत किंवा अंगणात, बाळाच्या खोलीत नाही. काकूंनी तीन वेळा दृष्ट काढली. तिसऱ्यांदा काढली त्या रात्री चिमी योगायोगानं चार तास झोपली आणि त्याचं श्रेय अजून त्यांच्याकडेच आहे.

मशेरी किंवा तंबाखूची सवय असेल तर हे जरा स्पष्टच सांगते: निकोटिन दुधात उतरतं आणि बाळाची झोप तुटते. वहीत ती वेळही लिहा.

८. झोपायची जागा

बाळ उताणं झोपवायचं, प्रत्येक झोपेला. गादी कडक, सपाट. राईची उशी नको, लोड नकोत, मऊ खेळणी नकोत, आणि आपली ती जड वाकळ तर अजिबात नको. डोकं चपटं होईल म्हणून आत्ती राईच्या उशीवर अडून होत्या. जागेपणी दिवसातून चार-पाच वेळा पोटावर पालथं ठेवायचं, तेही आपण समोर बसून, असा तोडगा निघाला. थंडी वाजते का, हे हात-पाय बघून ठरवू नका, ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघा. घाम आला असेल तर एक कपडा काढा.

बाळ निदान सहा महिने आईच्या खोलीत, पण स्वतःच्या गादीवर किंवा पाळण्यात, हे सगळ्यांत सुरक्षित. आपल्याकडे बहुतेक घरांत बाळ आईच्या कुशीतच झोपतं, हे मलाही माहीत आहे. तसं असेल तर जमिनीवरची कडक गादी, बाळ आईच्या बाजूला, मधे नाही, पांघरूण वेगळं. घरात कुणी दारू प्यायलेलं असेल, विडी-सिगरेट ओढत असेल, किंवा बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं असेल तर शेजारी घेऊ नये. आणि सोफ्यावर बसून पाजता पाजता डोळा लागणं हे सगळ्यांत धोक्याचं. झोप येतेय असं वाटलं तर सोफ्यावरून उठून गादीवर जा.

गणपतीत डॉल्बी सुरू झाली की यातलं काही चालत नाही. मागची खोली गाठा किंवा चार दिवस माहेरी जा. मी शेवटी माहेरीच गेले.

९. तुमची झोप

पाळ्या लावा. फाउंड्रीत चालतात तशाच. आमच्याकडे रात्री नऊ ते एक आत्ती चिमीपाशी असायच्या, मी आत दार लावून. फक्त भुकेच्या वेळी उठवायच्या. "मी बघतो, तू झोप," हे त्यांचं वाक्य त्या महिन्यात मला कुठल्याही औषधापेक्षा लागू पडलं. सलग चार तास मिळाले की माणूस परत माणसासारखं बोलतं.

बाळाच्या रडण्यानं डोकं फिरायला लागलं, त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, तर त्याला उताणं गादीवर ठेवा आणि दोन-पाच मिनिटं खोलीबाहेर जा. हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. पाच मिनिटं रडल्यानं काही होत नाही. बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, पंधरा दिवस रडू येत असेल, 'मी नसलेले बरे' असे विचार येत असतील, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनाही सांगता येतं.

पुढच्या महिन्यांत

सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू होतं. ते संध्याकाळी उशिरा आणि नवं नवं देऊ नका. नवीन पदार्थ दुपारी द्या. या वयापासून आशाताईंकडे लोहाचं औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. ते चुकवू नका, अंगात लोह कमी पडलेली बाळं रात्री फार चुळबुळतात. सव्वीस आठवड्यांची रजा संपून आई कामावर गेली की बाळ रात्री जास्त पितं. ते दूध मागतं तसं आईलाही मागतं. कामावरून आल्या आल्या, चहाच्याही आधी, पंधरा मिनिटं फक्त त्याला द्या.

आठ-दहा महिन्यांना दुसरी फेरी येते. आता बाळाला कळलेलं असतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे, म्हणून ते तिला हाक मारतं. शिवाय उभं राहायला नुकतंच शिकलेलं असतं. चिमी रात्री दोनला पाळण्याचा कठडा धरून उभी राहायची आणि खाली बसता येत नाही म्हणून रडायची. औषध सोपं निघालं: दिवसा वीस वेळा उभं करून बसायला शिकवलं. आठवडाभरात जमलं.

वहीतली शेवटची नोंद त्याच आठवड्यातली आहे. साडेआठला झोपली, तीन दहाला प्यायली, सहा वीसला उठली. त्याच्या खाली आत्तींच्या अक्षरात: म्हस, २ लीटर.